पुढच्या पाळीचा भरंवसा

क्रेग लार्मन व बास वोड्डे यांचा 'स्केलिंग लीन अँड अजाइल डेव्हलपमेंट' हा इंग्रजी ग्रंथ २००८ सालीं प्रसिद्ध झाला. विषय सॉफ्टवेअरचा, भाषा त्या धंद्यांतली आणि आकारही चांगला जाडजूड. तेव्हां या मासिकाच्या वाचकांपुढें तो आणण्याचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील तर तें रास्तच होईल. प्रयोजन दुहेरी आहे. ज्यांतील एखादा मुलगा, सून किंवा जांवई हिंजवडीस, बंगळुरास अथवा परदेशीं याच व्यवसायांत नाहीं, असें मध्यमवर्गीय मराठी घर आज विरळा. 'स्प्रिंट', 'स्टँडअप', 'बॅकलॉग' हे शब्द आतां जेवतांना पानावर ऐकूं येतात, आणि घरांतील वडील माणसें ते निमूटपणें ऐकून घेतात. दुसरें असें, कीं सॉफ्टवेअर हें या ग्रंथाचें निमित्त आहे. शेंकडों माणसांची मोठी संस्था एखादें काम शेवटपर्यंत कसें नेते किंवा मध्येंच कसें अडकवून ठेवते, हा त्याचा खरा विषय. आणि त्या विषयाचा अनुभव नीरा नदीच्या डाव्या कालव्यावर बारामती-इंदापूरकडील लोकांनीं सव्वाशें वर्षांहून अधिक काळ घेतला आहे. ग्रंथाची परीक्षा आम्ही त्या अनुभवाच्या कसोटीवर करणार आहों.

हा संप्रदाय कसा निघाला तें आधीं थोडक्यांत सांगितलें पाहिजे. सॉफ्टवेअर लिहिण्याचें काम पूर्वीं इमारतीच्या कामाप्रमाणें चाले. गिऱ्हाइकास काय हवें त्याचा प्रथम मसुदा, मग आराखडा, मग लेखन, मग तपासणी. प्रत्येकाचें खातें निराळें, आणि एका खात्यानें आपले कागद पुरे करून दुसऱ्याच्या टेबलावर ठेवले कीं त्याची जबाबदारी संपली. काम हातीं येईपर्यंत गिऱ्हाइकाची गरजच बदललेली असे. २००१ च्या फेब्रुवारींत अमेरिकेच्या युटा राज्यांत स्नोबर्ड येथें या धंद्यांतील सतरा जण जमले व त्यांनीं एक लहानसा जाहीरनामा काढला. ठरल्या योजनेस चिकटून बसण्यापेक्षां बदलास सामोरें जाणें अधिक मोलाचें, आणि कागदपत्रांच्या ढिगापेक्षां चालणारी वस्तु अधिक मोलाची, असा त्याचा आशय. हीच 'अजाइल' म्हणजे चपळ पद्धति. तिच्यांतील सर्वांत रूढ अशा 'स्क्रम' नांवाच्या प्रकारांत सात-आठ माणसांची एक तुकडी असते. तींत सर्व कसबांचीं माणसें असतात. आणि बहुधा दोन आठवड्यांच्या एकेका फेरींत ती तुकडी कामाचा लहानसा पण पुरा भाग तयार करून दाखविते. पुढच्या फेरींत काय घ्यावयाचें तें मागची फेरी पाहून ठरतें. या फेरीस आमच्या कालव्यावरील 'आवर्तन' हा शब्द इतका चपखल बसतो, कीं नवा शब्द घडविण्याची गरजच पडूं नये.

सात-आठ माणसांचें हें ठीक. पण जेथें एकाच वस्तूवर पांचशें माणसें खपतात तेथें काय करावें? बहुतेक मोठ्या कंपन्या तुकड्या तेवढ्या चपळ करतात आणि बाकीचें सगळें, म्हणजे वार्षिक अंदाजपत्रक, मंजुरीची उतरंड, बढतीचे नियम, तपासणीचें वेगळें खातें, पूर्वीचेंच ठेवतात. ग्रंथकारांचा सारा रोख या अर्धवटपणावर आहे. वोड्डे हे स्वतः नोकिया कंपनींत या स्थित्यंतराच्या कामावर होते. त्यामुळें लिहिणें ऐकीव नाहीं, हें पानोपानीं जाणवतें.

ज्या शास्त्राचा ते आधार घेतात त्यास 'सिस्टिम्स थिंकिंग' म्हणतात. आपण व्यवस्थाविचार म्हणूं. जे फॉरेस्टर यांनीं अमेरिकेंत एमआयटी या विद्यापीठांत गेल्या शतकाच्या मध्यास त्याचा पाया घातला व १९६१ सालीं 'इंडस्ट्रियल डायनॅमिक्स' हा ग्रंथ लिहिला. पुढें डोनेला मेडोज यांनीं, आणि १९९० सालीं 'द फिफ्थ डिसिप्लिन' लिहून पीटर सेंगे यांनीं, तो विचार सामान्य वाचकांपर्यंत नेला. तत्त्व सोपें आहे. व्यवस्थेचे भाग एकमेकांवर परिणाम करतात, तो परिणाम फिरून मूळ भागावर येतो, आणि यावयास वेळ लागतो. त्या विलंबामुळें कारण एकीकडे असतें आणि आपण दोष दुसरीकडे शोधतों. काम मंदावलें म्हणून कंपनी स्वस्तांतलीं नवशिकीं माणसें भरते. त्यांच्या हातून चुका वाढतात. त्या निस्तरण्यांत जुन्यांचा वेळ जातो. काम आणखी मंदावतें, आणि कंपनी आणखी माणसें भरते. अशीं चक्रें काढून दाखविण्यांत ग्रंथकारांचा हात बसलेला आहे, आणि ग्रंथाचा हा पूर्वार्ध आम्हांस फार आवडला.

त्यांतील रांगेसंबंधीचें प्रकरण तर बारामती भागांतील कोणाही ऊंसवाल्यास शिकवावें लागणार नाहीं. माळेगांव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, या पट्ट्यांत कारखान्यांची वाण नाहीं. कारखान्याची दिवसाची गाळपशक्ति ठरलेली असते. तोडणीच्या टोळ्या वाढविल्या, मुकादमांस जादा उचल दिली, ट्रॅक्टर अधिक लावले, तर ऊंस लवकर तुटतो खरा. पण गव्हाणींत पडावयाचा तेवढाच पडतो. उरलेला गाड्यांवर वाळत उभा राहातो, त्याचें वजन घटतें, उतारा पडतो. तोडणीच्या हिशेबांत प्रगति दिसते, साखरेच्या पोत्यांत ती दिसत नाहीं. ग्रंथकारांचें म्हणणें असें, कीं प्रत्येक माणूस सतत कामांत गुंतलेला आहे कीं नाहीं हें पाहात बसूं नका. काम कोठें पडून राहिलें आहे तें पाहा. शर्यतींत धांवणाऱ्यांकडे न पाहतां एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातीं जाणाऱ्या काठीकडे पाहावें, असा त्यांचा दृष्टान्त आहे. माणसें पुरतीं गुंतविलीं कीं रांग झपाट्यानें लांबते, हें ते गणितानेंही दाखवितात.

आमचा आक्षेप येथूनच सुरू होतो. रांगेंत येणारें काम बाहेरून येतें, आणि तें किती यावें यावर रांगेच्या लांबीचा परिणाम होत नाहीं, असें या प्रकरणांत जणुं गृहीत आहे. यंत्राच्या बाबतींत तें खरें असेल. परंतु तोडणीची पाळी केव्हां येईल याची शाश्वति नसली, म्हणजे शेतकरी एकाच उंसाची नोंद दोन कारखान्यांकडे करून ठेवतो. मग दोहोंकडील नोंदवहीचे आंकडे फुगतात, दोहोंकडील तोडणीचा कार्यक्रम खोटा ठरतो आणि पाळी आणखीच बेभरंवशाची होते. मागणीनें रांग वाढते हें सगळ्यांना दिसतें. रांगेच्या भीतीनें मागणी वाढते हें तितकेंसें दिसत नाहीं. व्यवस्थाविचाराच्या मूळ परंपरेस तें ठाऊक होतें. एमआयटींत रचलेला 'बिअर गेम' नांवाचा एक खेळ आहे; त्यांत कोणी किरकोळ विक्रेता होतो, कोणी घाऊक, कोणी कारखानदार. माल यावयास उशीर झाला कीं प्रत्येक जण घाबरून अधिक मागवितो, आणि शेवटीं सर्वांच्या वखारी नको असलेल्या मालानें भरून जातात. लार्मन-वोड्डे यांनीं व्यवस्थाविचार एका प्रकरणांत सांगितला व रांग दुसऱ्यांत सांगितली. दोहोंची गांठ मात्र नीट घातली नाहीं.

ती गांठ कशी पडते हें पाहावयास नीरा डाव्या कालव्यासारखें दुसरें ठिकाण नाहीं. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर हातीं घेतलेला हा कालवा १८८५ च्या सुमारास वाहूं लागला. वीर येथून निघून तो बारामती तालुका ओलांडतो आणि इंदापूर तालुक्यांत संपतो. लांबी शंभर मैलांच्या घरांत. त्यास पाणी भाटघरचें. तेथील जुन्या धरणाऐवजीं १९२८ सालीं मोठें लॉइड धरण झालें, आणि पुढें १९६५ च्या सुमारास वीर येथेंही धरण झालें. शेतकरी आपल्या ज्वारी-बाजरीस थोडथोडें पाणी घेतील व दुष्काळ टळेल, अशी सरकारची मूळ अपेक्षा होती. शेतकऱ्यांनीं तसें केलें नाहीं. बऱ्या पावसाच्या वर्षीं त्यांस पाणी नको असे, आणि अवर्षणाच्या वर्षीं सगळ्यांस एकदम हवें असे. कायम पाणी घेणारे निघाले ते ऊंस लावणारे, आणि त्यांत सासवडकडून आलेले माळी बागाईतदार पुढें होते.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या तेव्हां मुंबई इलाख्याच्या नोकरींत इंजिनीयर होते. सर कॉलिन स्कॉट-मॉनक्रीफ यांच्या अध्यक्षतेखालीं १९०१ ते १९०३ या काळांत पाटबंधाऱ्यांचें कमिशन बसलें, त्या सुमारास त्यांनीं आपली 'ब्लॉक' पद्धति पुढें मांडली. पाणी थोड्या गांवांत मुरूं देऊं नये, तें पुष्कळ गांवांत विभागावें. प्रत्येक गांवांत निवडक जमिनींचे पट्टे आंखावे. पट्ट्याच्या सुमारें तिसऱ्या हिश्श्यांत ऊंस आणि बाकीच्यांत इतर पिकें, अशी फेरपालट ठेवावी. आणि पट्टेवाल्यास सामान्यतः सहा वर्षांच्या करारानें पाण्याची हमी द्यावी. जमीन, पीक, पाणी आणि महसूल यांचा असा एकत्र विचार, ज्या शास्त्राचें अद्याप नांवही पडलें नव्हतें त्यांतला उत्तम नमुना म्हणून, आजही अभ्यासण्यासारखा आहे.

या योजनेचें मर्म तिच्या हमींत होतें. ऊंस बारा ते अठरा महिने शेतांत उभा असतो. एवढ्या काळांत ऐन उन्हाळ्यांतील एखादी पाळी चुकली तरी पिकाचें मातेरें होतें. म्हणून पुढची पाळी येईल कीं नाहीं अशी ज्याला शंका, तो आजच्या पाळींत जमीन पोटभर पाजून घेतो. लागेल त्याहून पुष्कळ अधिक पाणी घेतो. त्यामुळें खालच्यास तोटा येतो, आणि खालचा मनुष्य पुढच्या वेळीं पाणी दिसतांच तेंच करतो. तो पाटकऱ्याची मनधरणी करतो, रात्रीं हळूच दार उचलतो. आणि कालव्याचें कोष्टक कागदावरच राहातें. कोष्टक चुकलें म्हणजे मूळची शंका खरी ठरते. यांत कोणी दुष्ट नाहीं, कोणी मूर्खही नाहीं. प्रत्येक जण आपापल्या जागीं शहाणपणानेंच वागत असतो. सहा वर्षांच्या हमीनें या चक्राच्या मुळावरच घाव घातला.

हमी मिळाली तसा ऊंस वाढला, गुऱ्हाळें वाढलीं, पुढें कारखाने आले. पण ज्याला ब्लॉक मिळाला त्यालाच हमी मिळाली. इंदापूरकडील टोकाशीं वरून उरेल तसें पाणी जाई. तिकडे शेटफळचा तलाव कालव्याच्याच पाण्यानें भरून घेतात. वरच्या लोकांच्या वेळापत्रकावर सर्वस्वीं अवलंबून राहावें लागूं नये, टोकाशीं थोडी पुंजी हातीं असावी, याची ती एक जुनी आणि शहाणी सोय आहे. दुसरें नुकसान कोणाच्याच हिशेबांत नव्हतें. वरच्या भागांत वर्षानुवर्षें मुरलेलें पाणी जमिनीखालून वर आलें, चांगल्या काळ्या जमिनी चिबड झाल्या आणि मीठ फुटून पांढऱ्या पडल्या. १९२० च्या आगेमागें क्लॉड इंग्लिस व त्यांचे सहकारी दक्षिणेंतील कालव्यांवर याच रोगाचा अभ्यास करीत होते. निवडक जमिनींचें कलम योजनेंत असूनही हें घडलें. व्यवस्थेची हद्द कोणी व कोठें आंखली हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा. ग्रंथकार म्हणतात, फळ्यावरील आकृतीपेक्षां ती काढतांना होणारी चर्चा अधिक मोलाची. मान्य आहे, परंतु त्या चर्चेस टोकाचा मनुष्य बोलावला होता काय, हें त्यांनीं पुरतेपणीं विचारलेलें नाहीं. 'प्रत्यक्ष जागीं जाऊन पाहा' हा जपानी कारखान्यांचा धडा ते आग्रहानें देतात, तेव्हां जागा म्हणून त्यांच्या डोळ्यांपुढें बहुधा लिहिणाऱ्या तुकडीचें टेबल असतें.

आतां सॉफ्टवेअरच्या कचेरींत चला. विक्री, हिशेब, कायदा, सुरक्षितता अशीं पांच-पंचवीस खातीं एकाच तुकडीकडे काम मागत असतात. मागणारे अनेक आणि यादी एक. या फेरींत बसलें नाहीं तें पुढच्या फेरींत येईल, या समजुतीवर सारा कारभार चालतो. एखाद्या खात्याचें काम दोन-तीन फेऱ्या मागें पडलें कीं त्याचा प्रमुख शहाणा होतो. प्रत्येक कामावर तो 'तांतडीचें' असा शिक्का मारूं लागतो, एक हवें तेथें तीन मागतो, यादी सांभाळणाऱ्यास वरिष्ठांकडून निरोप पाठवितो. त्याचें पाहून दुसरेही तसेंच करतात. यादी फुगते, आणि ज्याच्या मागें कोणी वरिष्ठ नाहीं त्याचें काम टोकाशीं कोरडें राहातें. गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकणारी मुलगी वर्षभर तीच तक्रार ऐकत असते; रात्रीं बंद पडणारी यंत्रणा सुरू करणारा मुलगा तीच यंत्रणा पुनःपुन्हा सुरू करीत असतो, कारण ती मुळांतून दुरुस्त करण्याचें काम प्रत्येक फेरींत मागें सरकतें. हीं आपल्याच घरांतील मुलें आहेत. रात्रीं दोन वाजतां त्यांच्या उशाशीं जो फोन वाजतो, तें त्या कालव्याचें टोक.

अशा ठिकाणीं फेरी दोन आठवड्यांवरून एका आठवड्यावर आणली, तुकड्या दुप्पट केल्या, तर काय साधेल? आवर्तनें वाढलीं पण कोणतें कोणाच्या वाट्यास येईल हें कळलें नाहीं, तर शेतकरी पाणी कमी घेत नाहीं. थोडींच पण ठरल्या दिवशीं येणारीं आवर्तनें त्यास अधिक उपयोगाचीं वाटतात. रांग संभाळीत बसूं नका, ती नाहींशी करा, असा ग्रंथाचा सल्ला आहे. सल्ला उत्तम आहे. मात्र मागणाऱ्यांचा भरंवसा परत आल्यावांचून रांग नाहींशी होत नाहीं, आणि तो कसा येतो याविषयीं ग्रंथांत फार थोडें सांपडतें. लेखकद्वयाच्या पुढील लेखनांत विक्री आणि निर्मिति यांमधील 'कराराच्या खेळा'चें मार्मिक वर्णन आहे हें न्यायानें सांगितलें पाहिजे. पण त्या खेळांत खेळाडू दोनच. दोन अधिकाऱ्यांचा झगडा मिटला म्हणजे टोकास पाणी पोंचलें, असें होत नाहीं. पाटबंधारे खात्याच्या शेजपाळींत पाणी टोकाकडून सुरू करून वर आणीत यावें असा संकेत आहे. तो नेहमीं पाळला जातो असें कोणी म्हणणार नाहीं. तरी सॉफ्टवेअरच्या यादीस तो लावून पाहाण्यासारखा आहे. प्रत्येक फेरींत पहिला वांटा टोकाच्या कामाचा, मग वरच्यांची ओढाताण.

दुसरा आक्षेप मधल्या माणसांविषयीं आहे. मोठ्या संस्थांची घडण अशीच असते कीं मधल्या अधिकाऱ्यांच्या व तज्ज्ञांच्या स्थानास धक्का लागूं नये, आणि नव्या सुधारणेचे शब्द तेवढे घेऊन त्यांस जुनाच अर्थ दिला जातो. असा एक नियम लार्मन यांनीं आपल्या नांवावर नोंदविला आहे. नीरा कालव्याच्या इतिहासांत यास आधार मिळेल. बोल्डिंग, मोलिंगा आणि व्हान स्ट्राटेन यांचा १९९५ सालचा एक इंग्रजी निबंध आहे. शेतकऱ्यास पाणी मोजून देण्याचीं साधनें या कालव्यावर आणण्याची खटपट कशी झाली व ती कां रुजली नाहीं, याची हकीकत त्यांत वाचावयास मिळते. परंतु लार्मन यांच्या नियमानें दोष सांगून होतो, कारण सांगून होत नाहीं. पाटकऱ्याचें उदाहरण घ्या. त्याच्या हातीं दाराची किल्ली असते, पण कालव्यांत पाणी किती यावें हें त्याच्या हातीं नसतें. कोष्टकांत लिहिलें त्याहून पाणी कमी आलें कीं कोणास उपाशी ठेवावें हें त्यासच ठरवावें लागतें, आणि मग आर्जवें, वशिले, धाकदपटशा हें सारें त्याच्याभोंवतीं जमतें. व्यवस्थेस हमी देतां येत नाहीं, म्हणून मधल्या माणसाचें माहात्म्य वाढतें. तो वाईट म्हणून व्यवस्था बिघडली, हें म्हणणें आम्हांस उलटें वाटतें. नाशिक जिल्ह्यांत ओझर येथें वाघाड धरणाच्या पाण्यावर शेतकऱ्यांनीं १९९० नंतर पाणीवापर संस्था चालविल्या. संस्थेस पाणी घनमापानें मोजून मिळूं लागलें आणि आंतील वाटप शेतकऱ्यांनीं आपल्या हातीं घेतलें. २००५ सालीं राज्यानें अशा संस्थांसाठीं कायदाच केला. वांटा आधीं कळला कीं कोणतें पीक घ्यावें हें शेतकऱ्यास स्वतः ठरवितां येतें, आणि पाटकऱ्याची मनधरणी करण्याचें कारण आपोआप उरत नाहीं. मधल्या अधिकाऱ्यांस नांवें ठेवण्यांत जीं पानें खर्चलीं, त्यांतील कांहीं ग्रंथकारांनीं या बाजूस दिलीं असतीं तर बरें होतें.

गेल्या कांहीं वर्षांत बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनें मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या साहाय्यानें एक नवा प्रयोग चालविला आहे. उंसाच्या शेतांत ओलावा मोजणारीं यंत्रें बसवून आणि उपग्रहाचीं छायाचित्रें पाहून पिकास पाणी केव्हां द्यावें हें संगणक सांगतो. प्रयोग स्तुत्य आहे, आणि त्याची वाहवाही झाली आहे. पण ज्याच्या विहिरींत पाणी आहे त्यालाच हा सल्ला पाळतां येणार. जमिनींत अजून ओल आहे, चार दिवस थांबा, असें कालव्याच्या टोकावरील माणसास सांगितलें तर तो थांबेल कशाच्या जोरावर?

ग्रंथाच्या मांडणींत एक गुण विशेष आहे. आपली प्रत्येक सूचना ग्रंथकार 'करून पाहा' किंवा 'टाळा' अशा रूपानें देतात. हे सिद्धान्त नव्हेत, प्रयोग आहेत, असें त्यांस म्हणावयाचें आहे. या विषयावरील इतर इंग्रजी पुस्तकांचा प्रौढीचा सूर ऐकून कान किटलेल्या वाचकास हा विनय सुखावह वाटेल. उत्तरार्ध मात्र फार पाल्हाळिक झाला आहे. तुकड्यांची रचना, खात्यांची फोड, सभांचे प्रकार हें सर्व त्या धंद्यांतल्यांनींच वाचावें. घरांतील वडील मंडळींस पूर्वार्ध पुरे होईल, आणि तो वाचतांना मुलांना अधूनमधून प्रश्न विचारावे. दोघांनाही कांहीं नवें कळेल.

नीरा डाव्या कालव्यावर इंग्रजींत चांगलें लेखन झालें आहे. डोनाल्ड ॲटवुड यांचा उंसाच्या अर्थकारणावरील 'रेझिंग केन' हा १९९२ सालचा ग्रंथ या भागाच्या अभ्यासकास टाळतां येणार नाहीं. पण असे बहुतेक इतिहास वीरकडून खालीं येतात. धरण, इंजिनीयर, बागाईतदार, कारखाना, असा त्यांचा क्रम असतो. इंदापूरच्या टोकापासून सुरुवात करून चारी-चारीनें वर चढत जाणारा इतिहास कोणी मराठींत लिहावयास घेतला पाहिजे. कमिशनांचे अहवाल आणि इलाख्याचीं दफ्तरें पुणें-मुंबईस बसून पाहातां येतील. तीं कोठें जात नाहींत. १९७२ च्या दुष्काळांत ज्यांनीं टोकाच्या चाऱ्यांवर रात्र-रात्र पाण्याची वाट पाहिली, ते लोक आज पंच्याहत्तरी-ऐंशींत आहेत, आणि त्यांच्याकडे मात्र याच वर्षीं-दोन वर्षांत गेलें पाहिजे.